उत्तर आलं नाही, आभाळ पाहा

मेश्राम मॅडम कुणाच्या हाती निरोप पाठवत नसत. आमच्या संगणक केंद्रात देशपांडे सरांची केबिन आणि मॅडमचं टेबल यांच्यामध्ये फक्त माझं टेबल होतं. सर केंद्राचे मालक, मॅडम शिकवायला आणि प्रोग्राम लिहायला. मॅडमना काही सांगायचं असलं की ते केबिनच्या दारात येत आणि मला म्हणत, "शोभाताई, मेश्राम मॅडमना सांगा, दुपारची बॅच आज लवकर सोडा." मॅडमना ते स्वच्छ ऐकू गेलेलं असे, तरी सर माझ्याकडेच बघत. मग मॅडम उठत, माझ्या टेबलाला वळसा घालून दारापाशी जात आणि म्हणत, "हौ साहेब, ऐकलं. मी इथंच हाय."

सरांचं वागणं उद्धटपणाचं नव्हतं. त्यांच्या घरी दोन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या होत्या आणि साहेबाचं बोलणं कुणाच्या तरी मार्फतच खाली जातं, अशी त्यांची समजूत होती. मॅडमना ही समजूतच मंजूर नव्हती.

ही दोन हजार सहा-सातच्या सुमाराची गोष्ट. बालाघाटात ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. केंद्रातली सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. बॅचचं वेळापत्रक, कपाटांच्या किल्ल्या, प्रिंटरची शाई, सगळं मी यादी करून चालवत असे, अजूनही घर तसंच चालवते. मॅडम मात्र यादीत बसत नाहीत. म्हणून आठवेल तशा लिहिते.

ठेंगण्या, सावळ्या, सुती साडीला पिन घट्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, लग्न केलेलं नव्हतं, आईला घेऊन आमच्याच वॉर्डात भाड्यानं राहत. चहा बिनदुधाचा. भाजी घेताना विकणाऱ्या बाईला आधी विचारत, "वावर कुठं हाय तुहं?" ती गडबडली की तिचं स्वतःचं शेत नाही हे ओळखून पुढच्या बाईकडे जात. एसटी स्टँडला आम्ही मध्य प्रदेशात असूनही एसटी स्टँडच म्हणायचो, तिथं चौकशीच्या खिडकीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. थेट ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन, मान वर करून विचारायच्या, "भाऊ, लामत्याले थांबते का?"

त्यांचं एक वाक्य केंद्रात सगळ्यांना पाठ झालं होतं: "ज्याले पाह्यजे त्यानं मांगावं."

एकदा लालबर्ऱ्याहून एका मुलीचे वडील आले. मुलगी त्यांच्या शेजारीच उभी. ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, हिचं कसं चालू हाय? हिले जमते का हे कम्प्यूटर?"

मॅडम म्हणाल्या, "तिलेच विचारा ना. ती काय मुकी हाय?"

"ती काय सांगल?"

"विचारून तं पाहा."

वडिलांनी विचारलं. मुलगी खाली बघत म्हणाली, "जमते बाबा. पर घरी शिलाईचं काम राहते, तं सराव होत नाही." मॅडम आपली फाइल उघडून बसल्या. पुढच्या आठवड्यापासून ती मुलगी तासभर आधी येऊन सराव करू लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती थोडी कामाची आहे, पण सोपी आहे.

वारासिवनी आणि लालबर्ऱ्याकडच्या काही राइस मिलवाल्यांसाठी आमच्या केंद्रानं एक वेबपान बनवलं होतं. या मिली उसना तांदूळ करतात. म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं आणि मग मोठ्या सिमेंटच्या अंगणात उन्हात पसरायचं. पसरलेल्या धानावर पावसाची एक सर आली की धान काळं पडतं, त्याला वास लागतो आणि तो माल कुणी घेत नाही. म्हणून मिलवाल्याला दिवसभर एकच गोष्ट हवी असते: पाऊस येणार का? नागपूरची एक संस्था हवामानाचा अंदाज देत असे आणि दिवसातून अनेकदा बदलत असे. आपल्या प्रोग्रामनं त्यांच्या ठरलेल्या पत्त्यावर प्रश्न पाठवायचा, तिकडून उत्तर यायचं. वेबवर माहिती मागायची ही रीत तेव्हा आमच्याकडे नवीन होती.

प्रश्न होता तो हा, की मागायचं कुणी. पान मिलच्या ऑफिसात, ब्राउझरमध्ये उघडायचं. पण नागपूरला विचारायचा आमचा सर्वर. तोही जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेला होता, सर्वरवर चालणारा. मिलचा संगणक आमच्या सर्वरला विचारी, सर्वर नागपूरला विचारी, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येई. नागपूरवाल्यांनी मात्र एका ठिकाणाहून तासाला किती प्रश्न घ्यायचे याची मर्यादा घातली होती. सगळ्या मिलींचे प्रश्न आमच्या एकाच सर्वरमधून जात, त्यामुळे मर्यादा संपली की आमचा सर्वर आधी साठवून ठेवलेलं उत्तरच दाखवत राही. हे काम मॅडम येण्याआधीचं होतं. त्यात सरांच्या हौसेनं पानाच्या वर मोठ्या अक्षरांत आजची तारीख आणि चालू वेळ टाकलेली. घड्याळ दुपारचं, अंदाज सकाळचा.

ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, वारासिवनीच्या कटरे शेठचं धान भिजेपर्यंत.

कटरे शेठ स्वतः आले. अंगापिंडानं मोठा माणूस, आवाज त्याहून मोठा. "क्या देशपांडेजी! तुमच्या पानावर तं सूरज निकलून राह्यला होता! टाइम दो बजे का, तारीख आज की, आसमान साफ! मी पूरा आंगन पसरवला. आनं वरून धो धो!"

सर केबिनमधून बाहेर आले. "शेठ, हवामान आहे, ते चुकतं कधी कधी."

मॅडम आपल्या संगणकावरून उठल्या. त्यांनी नागपूरच्या संस्थेचं पान उघडून पाहिलं होतं. "नाही साहेब. हवामान नाही चुकलं. त्याईनं बारा वाजताच पाऊस सांगितला होता. आपलाच सर्वर सकाळचं शिळं वाढून राह्यला होता, ताज्या घड्याळाखाली."

कटरे शेठनं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. सरांचे कान लाल झाले. गिऱ्हाइकासमोर असं बोलायचं नसतं, हे ते नंतर माझ्यामार्फत मॅडमना सांगणार हे मला तेव्हाच कळलं.

"अजून एक मौका देतो," शेठ म्हणाले. "दुसऱ्यांदा भिजलं तं मी पण नाही आनं बाकीच्या मिली पण नाही. सब मेरे कहने पे आये थे."

शेठ गेले. सर म्हणाले, "शोभाताई, त्यांना सांगा..."

"बोला साहेब," मॅडम म्हणाल्या.

सर मग त्यांनाच म्हणाले, "आता काय करायचं म्हणता?"

"मंधातला सर्वर काढाचा. मिलच्या ब्राउझरनंच नागपूरले विचाराचं. हरेक मिलचा संगणक आपापलं मांगल. मर्यादा ज्याची त्याच्यापाशी. आनं उत्तर ताजं."

"आणि आपण? ते थेट नागपूरला विचारायला लागले तर आपली गरज काय? उद्या म्हणतील, देशपांडेला काढा."

हा खरा प्रश्न होता आणि सरांनी तो मोकळेपणानं विचारला, याचं मला बरं वाटलं. मॅडम म्हणाल्या, "विचाराचं कसं आनं दाखवाचं कसं, हे आपल्याले येते. म्हणून ते आपल्यापाशी येतात. रस्ता अडवून बसलो म्हणून नाही."

वर्गात त्यांनी हेच माठावर शिकवलं. लॅबबाहेर पाण्याचा माठ होता. त्यांनी एका मुलाला माठापाशी उभं केलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "पानी पाह्यजे तं यालेच मांगा. कोणी उठाचं नाही." दोन मिनिटांत तो मुलगा घामाघूम झाला, चार जण ओरडत होते, एकाला पाणी मिळालंच नाही. मग म्हणाल्या, "आता आपापलं उठा आनं घ्या." सगळं सुरळीत झालं.

"समजलं? हे ब्राउझरनं मांगणं."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "तो मैडम, सर्वर का काम ही क्या है?"

मॅडमनी माझ्याकडे हात केला. "शोभाताई, आलमारीची किल्ली दाखवा बरं." मी दाखवली. "हे किल्ली माठावर ठेवाची का?"

"नहीं मैडम!" सगळे हसले.

"ब्राउझरात जे लिहिलं ते कोणीबी उघडून वाचू शकते. पानी सगळ्याइचं, ते माठात. किल्ली शोभाताईपाशी. केंद्राच्या हिशोबाचा पासवर्ड सर्वरवर राहील. हवामान कोणाचं गुपित हाय?"

नागपूरच्या संस्थेनं आम्हाला दिलेली, दर प्रश्नासोबत पाठवायची ओळखीची खूणही त्यांनी आधी तपासली. ती आमच्या संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली होती, दुसऱ्यानं उचलली तरी त्याच्या पानावर चालली नसती. तेव्हाच त्यांनी ती ब्राउझरमध्ये जाऊ दिली.

पान तयार झालं. कटरे शेठ आणि आणखी दोन मिलवाले बघायला आले. मॅडमनी आधी आपल्या संगणकावर ते पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं होतं आणि दर वेळी झटकन अंदाज आला होता. आता त्यांनी ते आमच्या संकेतस्थळावरून उघडलं. पडद्यावर अंदाज आलाच नाही. खाली एक इंग्रजी ओळ आली. अर्थ एवढाच, की परवानगी नाही.

मॅडमनी पुन्हा दाबलं. परवानगी नाही.

चूक अशी होती: त्यांनी घरच्या घरी ते पान संगणकातल्या फाइलवरून उघडून तपासलं होतं. आपल्याच मशीनवरच्या फाइलला तो जुना ब्राउझर मोकळीक देत असे. पण पान संकेतस्थळावरून आलं, की ब्राउझर त्याला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू देत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे.

सरांना संधी मिळाली. ते इतके खूश झाले की थेटच बोलले. "पाहा मेश्राम मॅडम! ब्राउझर पण म्हणतो, मधे कुणीतरी पाहिजे!"

मिलवाले हसले. सगळ्यांत मोठ्यानं मॅडम हसल्या. "हे बराबर बोलले साहेब तुम्ही. आज तुमची जीत." मग शेठकडे वळून म्हणाल्या, "शेठ, आठ दिवस द्या."

कटरे शेठ म्हणाले, "धान काढणी सुरू झाली मैडम. आठच देतो."

आठ दिवस लागले नाहीत. त्यांनी दुसरी वाट शोधली. ब्राउझर परक्याची माहिती वाचू देत नसला, तरी परक्याकडून स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, मागवून पानात चालवू देतो. नागपूरची संस्था आपलं उत्तर अशा स्क्रिप्टच्या रूपातही देत असे. आपण उत्तर घेणाऱ्या आपल्या फंक्शनचं नाव सांगायचं, ते त्या नावात गुंडाळून उत्तर पाठवत. पण यात एक गोष्ट होती. परक्याचा प्रोग्राम आपल्या घरात येऊन चालणार. तो काय करील, याच्यावर आपला ताबा नाही.

"मी नागपूरले जाऊन येते," मॅडम म्हणाल्या.

सर म्हणाले, "कशाला? फोन करा ना."

"ज्याची स्क्रिप्ट आपल्या पानात घ्याची, त्याचं तोंड पाहून यावं. फोनवर तोंड दिसत नाही साहेब."

गेल्या, दिवसभर त्या लोकांच्या शेजारी बसल्या, त्यांना हजार प्रश्न विचारले आणि परत आल्या. मी विचारलं, "कसे आहेत?" म्हणाल्या, "चांगले लोक हाय. जे माहीत नाही, ते माहीत नाही म्हणतात."

या शेवटच्या वाक्यावरूनच पुढचं भांडण झालं.

स्क्रिप्टच्या त्या रीतीत उत्तर आलं तर येतं. नाही आलं, तर पानाला ते कळत नाही, ते वाट पाहतच राहतं. म्हणून मॅडमनी उघड्या पानाला दर थोड्या वेळानं आपणहून पुन्हा विचारायला लावलं आणि उत्तराची वाट पाहायला ठरावीक वेळ दिला. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर जुना अंदाज पुसून टाकायचा आणि मोठ्या अक्षरांत लिहायचं: उत्तर आलं नाही. आभाळ पाहा.

सरांनी ते वाचलं आणि हातातली फाइल टेबलावर टाकली. "हे काय आहे? गिऱ्हाईक पैसे देतं आणि आपण सांगायचं, आम्हाला माहीत नाही? आभाळ पाहा? आभाळ तर ते फुकटात पाहतात! निदान आधीचा अंदाज तरी राहू द्या."

"आधीच्याच अंदाजानं धान भिजलं होतं."

"मग खाली बारीक अक्षरात वेळ टाका."

"धान पसरणारा माणूस बारीक अक्षरं वाचत नाही, साहेब. लांबून पाह्यते आनं ओरडते, पसरवा."

सरांचा आवाज चढला. "शोभाताई, त्यांना सांगा, आता धान भिजलं तर सगळ्या मिली जातील. आणि मिली गेल्या तर केंद्रात मास्तरीणबाई ठेवायची माझी ऐपत नाही. कळेल त्यांना."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मला वळसा घातला नाही. पहिल्यांदाच जागेवरून म्हणाल्या, "कळलं. हे अक्षरं राहतील. भिजलं तं मी जाईन." आणि वर्गावर गेल्या.

दिवाळीनंतरचे दिवस होते. सगळीकडे अंगणं धानानं भरलेली, आणि त्या वर्षी आभाळ येऊन-जाऊन होतं. एका सकाळी अंदाज आला, संध्याकाळपर्यंत कोरडं. आमच्या स्वतःच्या पडद्यावर दुपारी तो बदलला: तासाभरात पाऊस. मॅडमनी वर्गातून येऊन पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वारासिवनीले हे दिसलंच असंन." पण वारासिवनीचा फोन लागेना. रस्त्याच्या कामात तिकडची केबल तुटली होती, फोन बंद, मोबाइलचा टॉवर बंद, इंटरनेट बंद. सर केबिनच्या दारात उभे होते. मग आमच्या पत्र्यावर पावसाचे थेंब पडायला लागले. मॅडम आत गेल्या आणि त्यांनी बॅच पूर्ण घेतली. आवाज नेहमीसारखाच येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कटरे शेठ आले. त्यांना पाहून सर उठून उभे राहिले.

"मैडम कुठं हाय?"

"शेठ, आधी बसा..." सर म्हणाले.

"तुमच्यापाशी नाही, मैडमपाशी काम हाय."

मॅडम लॅबच्या दारात आल्या. शेठ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हसू आवरेना त्यांना. "काल पान सकाळपासून उघडंच होतं ऑफिसात. मुनीमजी मधेमधे पाहून राह्यले होते. दोपहर को बोले, शेठ, कम्प्यूटर बोलतो की उत्तर आलं नाही, आभाळ पाहा! मी म्हटलं, पागल झाला का तो? बाहेर येऊन पाह्यलं, तं पश्चिमेकडून काला! पूरा आंगन उठवला आम्ही. अख्खा कुनबा, मजूर, माझी बायको पण. शेवटचं पोतं आत आनं पानी सुरू!"

"सगळं वाचलं?" मॅडमनी विचारलं.

"एक दाना नाही भिजला." मग ते सरांकडे वळले. "देशपांडेजी, इतने साल में पहली बार कोणी मले बोललं की मले माहीत नाही. नाही तं सगळेच सांगतात! व्यापारी सांगते, जोतिषी सांगते, टीव्ही सांगते. ये पान ईमानदार है. बाकी मिलीइले मी सांगतो."

त्या तांदळाची पहिली पिशवी तयार झाली तेव्हा शेठनी ती स्वतः आणून मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी लगेच तिचे भाग केले. एक मला, एक सरांना, एक घरी. सरांचा भाग त्यांनी केबिनमध्ये स्वतः नेऊन दिला. सर म्हणाले, "ती ओळ आता बाकीच्या पानांवर पण टाकायला हरकत नाही." मी दाराबाहेर होते. त्यांनी मला हाक मारली नाही.

केंद्र टिकलं. मिली वाढल्या, कटंगीकडच्याही आल्या. सरांची भीती खोटी ठरली, मिलवाल्यांनी कधी आम्हाला सोडून थेट जायचा विचार केला नाही. त्यांना हवी होती ती पानं आम्हीच बनवत होतो.

मॅडमना मात्र नागपूरनं बोलावलं. ज्या दिवशी मॅडम त्या लोकांची तोंडं पाहायला गेल्या होत्या, त्या दिवशी त्या लोकांनीही त्यांचं तोंड पाहून ठेवलं होतं. नोकरी चांगली होती आणि आईची औषधंही तिकडे सोयीची पडणार होती. त्यांनी सरांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. सर "बरं" एवढंच म्हणाले आणि पुढचे पंधरा दिवस मला दर गोष्टीचा निरोप देत राहिले. मॅडमना सांगा वर्गाची फाइल द्या, मॅडमना सांगा कपाट तपासा.

त्या निघाल्या तेव्हा मी एसटी स्टँडवर गेले होते. सामान आधीच ट्रकनं गेलेलं, आई बसमध्ये खिडकीशी बसलेली. मी पाण्याची बाटली, पोळ्यांचा डबा, आईच्या गोळ्या, सगळं दिलंय ना ते मोजत होते, तेवढ्यात सर आले. त्यांना तिथं मी कधीच पाहिलं नव्हतं. ते माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"शोभाताई, मॅडमना सांगा..."

"साहेब," मॅडम म्हणाल्या, "मी इथंच हाय. मलेच सांगा ना."

सर त्यांच्याकडे वळले. तोंड उघडलं, मिटलं. रुमाल काढला, परत खिशात ठेवला. मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाल्या, "उत्तर आलं नाही," आणि मान वर करून आभाळाकडे पाहायला लागल्या.

सर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच ते म्हणाले, "जाऊ नका, म्हणणार होतो."

"मंग म्हणा."

"जाऊ नका, मेश्राम मॅडम."

"जाऊन राह्यली मी साहेब," मॅडम म्हणाल्या. "पर तुम्ही मलेच म्हटलं, हे लय चांगलं केलं."

कंडक्टर ओरडला. त्यानं त्यांना मागच्या दारानं चढायला सांगितलं. मॅडम तिकडे गेल्या नाहीत. बसला पुढून वळसा घालून त्या ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या, कॅनव्हासच्या बुटांच्या टाचा उचलून, मान वर करून उभ्या राहिल्या. काय विचारलं ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ड्रायव्हरनं खाली वाकून, नीट, पूर्ण उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली आणि मग त्या चढल्या.